विसरले तरी दुकान माझंच

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात आमचं किराणा दुकान आहे. इथला सगळा व्यवहार धानावर चालतो. रोवणीच्या दिवसांत कुणाच्या हातात पैसा नसतो, तेव्हा तेल, मीठ, साखर, चहापत्ती उधारीवर जाते. धान निघून विकलं गेलं की दिवाळीच्या मागेपुढे खाती फिटतात. घाटकुळचं कोणतं घर, देवाड्याचं कोणतं, मागचे किती राहिले, खातं बापाच्या नावावर की मुलाच्या, हे सगळं मला तोंडपाठ असायचं. वही होती, पण ती कुणी वाद घातला तरच उघडायची.

मग छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक म्हणजे रेडिएशन झालं. केस जातील, उलट्या होतील, तोंडाची चव जाईल, हे ज्याने त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. डोक्याचं, विसरण्याचं कुणी बोललं नव्हतं, आणि मला केसांपेक्षा तेच जास्त लागलं. आता आजूबाजूच्या गावांतून उपचाराला गेलेल्या बाया दुकानात येतात, गर्दी ओसरायची वाट पाहतात आणि हळूच विचारतात, "काकू, तुमालेई असंच होत होतं का जी?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहून काढते आहे.

१. हे विसरणं खरं असतं, मनाचे खेळ नसतात.

गिऱ्हाईक म्हणायचं, अर्धा किलो बेसन, पावभर चणाडाळ आणि एक अंगाचा साबण. मी बेसनाच्या डब्याकडे वळले की पुढचं दोन्ही गेलेलं असायचं. समोरचा माणूस ओळखीचा, त्याच्या लग्नाला मी जेवून आलेली, आणि नाव ओठावर येत नाही. दोघं एकदम बोलले की दोघांचंही कळत नाही. छप्पन्न आणि अठ्ठेचाळीसची बेरीज अर्ध्यावर सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. बोलताना साधा शब्द सापडत नाही, मग "ते हे, ते, भाजीत घालतात ते" असं करावं लागतं.

माझी मुलगी नर्सिंग शिकली आहे. तिने मला वाचून दाखवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या ५८१ बायका आणि कर्करोग नसलेल्या ३६४ बायका घेतल्या होत्या. केमो संपल्यावर विचारलं, तेव्हा आजारी बायकांपैकी १०० मागे ४५ जणींना आपली स्मरणशक्ती आणि विचार करण्याची ताकद आधीपेक्षा चांगलीच खालावल्याचं जाणवत होतं. दुसऱ्या गटात १०० मागे १० जणींनाच तसं वाटत होतं. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ३६, दुसऱ्यात १३ होत्या. म्हणजे हे वयाने होतं, बाईमाणूस काळजी करतं म्हणून होतं, असं म्हणून उडवून लावायला जागा नाही. आणि हे सगळ्यांना होतंच असंही नाही. माझ्यासोबत त्याच खुर्च्यांवर सलाईन घेणाऱ्या काही बायांना काहीच झालं नाही. ज्यांना झालं नाही त्यांनी ज्यांना झालं त्यांना शहाणपण शिकवू नये, एवढीच विनंती.

२. कारण एक नसतं, म्हणून उपायही एक नसतो.

आम्हाला पहिल्या टप्प्यात जे लाल रंगाचं औषध देतात ते मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. रक्तातली नको ती द्रव्यं मेंदूत शिरू नयेत अशी शरीराची व्यवस्था असते. पण औषधामुळे शरीरात जी दाहाची द्रव्यं तयार होतात त्यांचा परिणाम मेंदूवर होतो, असं संशोधकांचं मत आहे. काही रुग्णांत तर केमो सुरू व्हायच्या आधीच तपासणीत स्मरणशक्ती कमी आढळते. म्हणजे आजाराचाही त्यात हात आहे, ऑपरेशनच्या ताणाचाही आणि भीतीचाही.

यावर बाकीचं चढत जातं. उलटी थांबावी म्हणून केमोसोबत स्टिरॉइड देतात, त्याने रात्र रात्र झोप लागत नाही. पाळी अवेळी बंद होते, अंगातून वाफा निघतात. हिमोग्लोबिन उतरतं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बायांचं रक्त आधीच कमी असतं, सिकलसेल असलेली घरं कितीतरी आहेत, त्यात केमोची भर. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि मळमळीमुळे पाणी जात नाही, तेव्हा डोकं आणखीच सुन्न होतं. यातल्या काही गोष्टींवर औषध आहे. केमोने असंच होतं म्हणून गप्प बसलं तर जे बरं होण्यासारखं आहे तेही तसंच राहतं.

३. डोक्यातलं काम कागदावर उतरवा, आणि त्यासाठी एकच कागद ठेवा.

वही ठेवा असं सगळेच सांगतात. कशी ठेवायची ते कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला घरात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या झाल्या. एक फ्रिजवर, एक देवघरात, एक पदराच्या गाठीत. मग चिठ्ठीच शोधत बसायची. शेवटी मुलीने शंभर पानी एक वही आणली, तिला दोरीने पेन बांधलं आणि वहीची जागा ठरवली: दिवसा गल्ल्याशेजारी, रात्री उशाशी. दुसरीकडे काहीही लिहायचं नाही. डाव्या पानावर औषध आणि तब्येत, उजव्या पानावर घर आणि दुकान. रोज नवीन पान, वर तारीख आणि वार. झालेलं काम खोडायचं नाही, समोर बरोबरची खूण करायची, कारण खोडलेलं वाचता येत नाही आणि मग मीठ आणलं की नाही हा वाद राहतो.

दुकानात मी दुसरी रीत बसवली. गिऱ्हाइकाने मागितलेलं मी मोठ्याने परत म्हणते: "बेसन अर्धा, चणाडाळ पाव, साबण एक." म्हणता म्हणता कच्च्या वहीत लिहिते आणि मगच वळते. तोंडाने म्हटलेलं आणि हाताने लिहिलेलं नुसत्या ऐकलेल्यापेक्षा जास्त टिकतं. उधारी असेल तर माल हातात द्यायच्या आधी रक्कम लिहायची आणि वही फिरवून गिऱ्हाइकाला दाखवायची. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायची. नावासमोर गाव लिहायचं आणि गावासमोर ओळखीची एक खूण, शाळेजवळचा, आटाचक्कीवाल्याचा साळा, कारण एका नावाची चार माणसं प्रत्येक गावात असतात. संध्याकाळी कच्ची वही पक्क्या वहीत उतरते, ती रात्रीवर ढकलायची नाही. गिऱ्हाइकांनाही ही रीत आवडली. दोन वर्षांत उधारीवरून एकही भांडण झालेलं नाही.

एका वेळी एकच काम. दूध गॅसवर असेल तर फोन घ्यायचा नाही. फोनवर बोलत असले तर गिऱ्हाइकाला "थांब बापा दोन मिनटं" म्हणायचं. लोक थांबतात, आपल्यालाच वाटतं थांबणार नाहीत.

४. औषधांच्या बाबतीत आठवणीवर भरवसा ठेवू नका.

इथे विसरणं अंगाशी येतं. केमोनंतर साधारण २४ तासांनी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन असतं. ते थंड ठेवावं लागतं, दोन ते आठ अंशांत. नागपूरहून उमरेड, नागभीड, सिंदेवाही, मूल असं एसटीने येताना ते बर्फाच्या डब्यात घेऊन यायचं, घरी फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रिजरमध्ये नाही, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन टोचून घ्यायचं. सलाईन संपवून इतका प्रवास केलेल्या बाईने हे लक्षात ठेवावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. हे काम सोबतच्या माणसाचं. डबा त्याच्या हातात, वेळ त्याच्या फोनच्या गजरात.

गोळ्यांचं आम्ही असं केलं: सकाळ, दुपार, रात्र अशा तीन रंगांच्या कापडी पिशव्या शिवल्या आणि आठवड्याच्या गोळ्या मुलीने मोजून भरल्या. गोळी घेतली की वहीत खूण. खूण नसेल आणि घेतली की नाही ते आठवत नसेल, तर मनाने दुसरी घ्यायची नाही, पिशवीतल्या गोळ्या मोजायच्या. केमोच्या काही गोळ्या घरीच घ्यायच्या असतात, १४ दिवस घ्या आणि ७ दिवस बंद ठेवा अशा हिशेबाने. तिथे एक दिवस इकडचा तिकडे झाला किंवा एकाच दिवशी दोनदा घेतल्या गेल्या तर जिवावर बेततं. अशा गोळ्या असतील तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते १४ दिवस लाल पेनाने घेरून ठेवा, घरातल्या पोरासोरांनाही दिसले पाहिजेत.

आणि थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला की केमोच्या माणसाने सकाळची वाट पाहायची नाही, पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, लगेच डॉक्टरला कळवायचं. हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, फोन नंबरासकट.

५. हळूहळू विसरणं वेगळं आणि एकाएकी गोंधळणं वेगळं.

जे मी सांगते आहे ते आठवड्या-महिन्यांनी जाणवणारं असतं. माणसाला आपण विसरतो आहोत हे कळत असतं. पण काल बरा असलेला माणूस आज वार-गाव सांगेना, असंबद्ध बोलू लागला, सारखा झोपेत राहू लागला, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, झटका आला, डोकं फुटेल इतकं दुखून उलट्या झाल्या, तर ते केमोचं विसरणं नाही. जंतुसंसर्ग असेल, रक्तातलं सोडियम उतरलं असेल, साखर वरखाली झाली असेल, कॅल्शियम वाढलं असेल, मेंदूत आजार गेला असेल. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं.

६. कधी कधी माणूस विसरत नसतो, त्याला ऐकू येत नसतं.

आमच्या भागात कर्करोग म्हटलं की आधी तोंडाचाच. तंबाखू-सुपारीचा खर्रा शाळेतल्या पोरांच्याही खिशात सापडतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने सरकारसोबत 'मुक्तिपथ' नावाचं काम २०१६ पासून दारू-तंबाखूविरुद्ध चालवलं आहे, तरी खर्रा घोटणारे प्रत्येक चौकात आहेत. माझ्या दुकानात खर्रा कधी विकला नाही आणि विकणारही नाही.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला जबड्याचा कर्करोग झाला. शेकासोबत त्याला जे औषध देत होते त्याचं नाव सिस्प्लॅटिन. ते औषध कानावर जाऊ शकतं. बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे बायांचे आणि पोरांचे. घरचे म्हणत, बुढ्याचं डोकं गेलं, सांगितलेलं काहीच ध्यानात राहत नाही. मी पाहत होते की पुरुषमाणसाने काही म्हटलं तर तो बरोबर उत्तर देतो आणि सून बोलली की गोंधळतो. मी सुनेला म्हटलं, कान तपासून आण. तपासले, तर खरंच कानाचं होतं. आता ती समोर येऊन, त्याच्या नजरेत पाहून, सावकाश बोलते, आणि बुढा सगळं ध्यानात ठेवतो.

७. काम काढून घेऊ नका, काम बदलून द्या.

हा मुद्दा घरच्यांसाठी आहे, आणि मला तो सगळ्यात जवळचा आहे.

माझ्या घरच्यांनी माझं खूप केलं. पण उपचार सुरू झाल्यावर मायेपोटीच गल्ल्याची चावी माझ्याकडून गेली. मुलाने हिशेब मोबाइलवर घेतला. "तू बस, आराम कर," असं दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. मी खुर्चीवर बसलेली आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून मुलाशी बोलतं. वीस वर्षं ज्यांच्या घरची सुखदुःखं मी उधारीच्या वहीत लिहिली ते मला "बरं आहे ना?" विचारून पुढे जात. पाहुण्यांसमोर कुणीतरी सहज म्हणे, सांग बरं, काल काय खाल्लं होतं? परीक्षा घेतल्यासारखं. "अगं आत्ताच तर सांगितलं," हे वाक्य तर मला सुईसारखं टोचायचं.

माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. मी एकच गोष्ट तीनदा विचारली तरी त्या तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायच्या. कपाळाला आठी नाही, आवाजात फरक नाही. भाजी निवडता निवडता सांगायच्या, "आज बुधवार हाय, पोरगी उद्या येते." एवढंच. त्यांच्याजवळ बसलं की डोकंही जास्त चालायचं, हे मी अनुभवाने सांगते. घाबरलं, लाज वाटली की उरलंसुरलंही आठवत नाही. आठवण त्या दिवसांत आमच्या उन्हाळ्यातल्या हातपंपासारखी असते. थोडं हापसू दिलं की पाणी येतं, मध्येच हात धरला तर येत नाही.

मग एके दिवशी मीच घरच्यांना सांगितलं की चावी मला पाहिजे. बसून वाटणी केली. सकाळी सात ते दहा माझं डोकं ताजं असतं, तेव्हा दुकान माझं, फक्त रोखीचं. उधारी मुलाकडे. केमोनंतरचे पहिले काही दिवस सुट्टी. ते जमल्यावर देवाड्याची उधारी माझ्याकडे आली, मग चिंतलधाब्याची. रोज संध्याकाळी हे आणि मी मिळून गल्ला मोजतो, माझ्यासमोर, माझ्यामागे नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी आणि गोंगाट असतो, त्या दिवशी मी मागे वजन करून पुडे बांधते, पुढे मुलगा. असं करत करत दुकान परत माझं झालं. कोणत्याही धंद्यात, शेतात, अंगणवाडीत, शाळेत अशी वाटणी करता येते. तिला काय जमतं, केव्हा जमतं, हे तिलाच विचारा.

स्वयंपाकाचं मात्र थोडं सांभाळा. गॅस पेटवून माणूस अंगणात जातो आणि विसरतो. घरात कुणी असेल तेव्हाच चूल-गॅस, आणि काम झालं की रेग्युलेटर बंद. गाडी चालवायची असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

८. चाला, पण एकटीने बांधावर नाही.

या विसरण्यावर खात्रीची गोळी अजून निघालेली नाही. त्यातल्या त्यात ज्याचा फायदा दिसतो ते म्हणजे नियमित चालणं-फिरणं, नीट झोप आणि डोक्याला सवय लावणारे सराव. डॉक्टर म्हणतात सकाळी अर्धा तास चाला. शहरातल्या माणसाला हे सोपं आहे. आमच्याकडे झुंजुमुंजूला गावाबाहेर पडलं की वाघ-बिबट्याचं भय खरं आहे, आणि थकलेल्या, आपल्याच विचारात असलेल्या माणसाचं लक्ष कमी असतं. म्हणून मी गावातल्याच डांबरी रस्त्यावर, उजाडल्यावर, शेजारणीसोबत चालते. चालताना आम्ही कालचा दिवस एकमेकींना सांगतो: काय रांधलं, कोण आलं, किती विकलं. तिला करमणूक होते, माझा सराव होतो. शेक चालू असताना किंवा रक्त फार कमी असताना किती चालायचं ते डॉक्टरला विचारून.

९. अंगारा आणि सिरप.

मी नावं विसरते म्हटल्यावर दोन प्रकारचे सल्ले आले. बाहेरचं लागलं आहे, मांत्रिकाकडे चल. आणि स्मरणशक्तीचं अमुक सिरप घे, तमुक चूर्ण घे. पहिल्याला मी दारातूनच परत पाठवलं. आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे, आणि आमच्या या जिल्ह्यांत असल्या संशयाने माणसांचे काय हाल झाले ते आम्ही पाहिलं आहे. आजारी बाईच्या विसरण्याला बाहेरचं म्हणणं म्हणजे तिला माणसांतून उठवणं. दुसऱ्या सल्ल्याचं असं की केमो चालू असताना कोणतंही चूर्ण, काढा, सिरप डॉक्टरला दाखवल्याशिवाय पोटात घालायचं नाही. काही औषधी वनस्पतींमुळे केमोच्या औषधाचा असर कमी-जास्त होतो.

१०. पैसा आणि फोन.

पिन विसरला म्हणून तो फोनच्या मागे चिकटवू नका. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला माहीत असू द्या. उपचाराच्या काळात आधार, ओटीपी, बँक, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद असे फोन इतके येतात की खरा कोणता आणि फसवा कोणता ते ताजं डोकंही ओळखत नाही. मी नियमच केला: फोनवर पैशाचं किंवा आकड्याचं कुणी विचारलं की "मुलाला विचारून सांगते" आणि फोन बंद. योजनेचे सगळे कागद, रेशनकार्डापासून तपासणीच्या रिपोर्टापर्यंत, एकाच फाइलमध्ये तारखेने लावलेले.

११. तपासणीला एकटीने जाऊ नका, आणि डॉक्टरला उदाहरण देऊन सांगा.

एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, बल्लारशाहहून रेल्वेने गेलं तर कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत आहे. म्हणजे सोबत न्यायला पैशाची अडचण थोडी तरी हलकी झाली आहे. सोबतचा माणूस पिशवी उचलायला नको, ऐकायला हवा. डॉक्टर जे बोलतात त्यातलं निम्मं केमोच्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. परवानगी विचारून फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड करता येतं. मी विचारलं तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही.

"डोकं जड आहे" असं सांगितलं तर डोकेदुखीची गोळी मिळते. म्हणून मी वहीतून नेमकं वाचून दाखवलं: अमुक तारखेला तीन जिन्नस मागितले, एकच आठवला. अमुक तारखेला भाचीचं नाव आठवलं नाही. रात्री दोन-तीन तासच झोप. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघितलं गेलं, झोपेचं विचारलं गेलं, मन फार उदास असतं का हेही विचारलं गेलं. उदासीनेही आठवण जाते आणि तिच्यावर उपचार आहेत. गावात मानसोपचाराचा डॉक्टर नसला तरी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. मी त्यावर मराठीत बोलले आहे, फुकट.

यासाठी खास चाचण्याही असतात. शब्दांची यादी ऐकवतात आणि थोड्या वेळाने किती आठवले ते विचारतात. कागदावर आकडे आणि अक्षरं आळीपाळीने रेघेने जोडायला लावतात आणि वेळ मोजतात. एका मिनिटात एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायला लावतात. जगभरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०११ साली अशाच चाचण्या वापरा म्हणून सुचवलं. माझं यावर एक म्हणणं आहे. ज्या बाईने पाटी-पेन्सिल धरली नाही तिला अक्षरं जोडायला लावून काय कळणार? ती धानाच्या किती पेंढ्या एका दिवसात बांधत होती, कुणाच्या शेतावर किती रोज भरले हे मनात ठेवत होती, आणि आता काय होतं, हे तिला आणि घरच्यांना विचारा. तिची चाचणी तीच. चाचणीत सगळं ठीक आलं तरी काम करताना त्रास होतो, असं पुष्कळांचं होतं. तेव्हा ठीक आलं म्हणून तिला खोटं पाडू नका.

१२. किती दिवस चालतं?

सगळ्या बाया शेवटी हेच विचारतात. बहुतेकींना केमो संपल्यावर काही महिन्यांत, वर्षभरात बरंच बरं वाटतं. काहींचं थोडं राहून जातं. नेदरलँड्समध्ये जुन्या पद्धतीची केमो घेतलेल्या १९६ बायकांना सरासरी २१ वर्षांनी तपासलं तेव्हा त्यांची शब्दांची आठवण आणि कामाचा वेग कर्करोग कधीच न झालेल्या बायकांपेक्षा थोडा कमी निघाला. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. फरक लहान होता, पण होता. मी हे लपवत नाही, कारण सहा महिन्यांत सगळं पहिल्यासारखं होईल असं सांगितलं की सातव्या महिन्यात बाई स्वतःला दोष देत बसते. आणि या भीतीने कुणी केमो टाळू नये. मी टाळली असती तर हे लिहायला राहिले नसते असं माझ्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे, आणि मला ते पटतं.

माझं आजचं असं आहे: नावं उशिरा येतात, पण येतात. बेरीज कॅल्क्युलेटरवर करते. गोंगाटात अजून गोंधळते. घाटकुळची उधारी गेल्या रोवणीपासून पुन्हा माझ्याकडे आहे. हार्मोनची गोळी अजून चालू आहे, तिचाही थोडा परिणाम असू शकतो असं डॉक्टर म्हणतात.

इतकी वर्षं आम्हा लोकांना नागपूर नाही तर सेवाग्राम गाठावं लागत होतं. आता चंद्रपुरात टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज निधी यांनी मिळून कर्करोग रुग्णालय उभारलं आहे. तिथे पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, सिरोंचा, अहेरीकडची माणसं येतील, काही मराठी बोलणारी, काही गोंडी, काही तेलुगू. माझी मागणी एवढीच आहे: केमो सुरू व्हायच्या आधी वजन, रक्त, बीपी लिहून घेतात त्याच कागदावर चार ओळी आणखी लिहून घ्या. ही बाई कोणतं काम करते, त्यात काय काय ध्यानात ठेवावं लागतं, आता ते जमतं का, घरी कोण सोबत आहे. आणि दर फेरीला, उलटी झाली का, ताप आला का, हे विचारता तसं हेही तिच्या भाषेत विचारा.